राखून ठेवलेलं नाव

आमच्या खात्यात कामगिरीवर निघालेला हेर आपलं नाव ऑफिसात ठेवून जातो. कागदावरचं नव्हे, खरंखुरं. तळघरात साहेब नावाने तीनदा हाक मारतात, आपण ओ द्यायची नाही. तिसऱ्या हाकेला नाव अंगातून निघून जातं. सोबत चेहरा जातो, घरच्या आठवणी जातात. मग पकडले गेलो तरी सांगणार काय, कपाळ! परत आल्यावर घरच्या माणसाने त्या नावाने हाक मारायची, आपण ओ द्यायची, की सगळं पुन्हा जागेवर.

तोवर घरी संशय नको म्हणून आपला चेहरा चढवून दुसरा माणूस पाठवतात. मुदतीत ओ दिली नाही, तर नाव त्याचं. कायमचं.

"मुदत आज सूर्य मावळेपर्यंत," मी कामगिरीवरून परतलो त्या सकाळी साहेब चहा ढवळत म्हणाले. "घरी आई आहे तुमची. हा पत्ता." वर हसले! तो चहा त्यांच्या टकलावर ओतावासा वाटला.

पत्ता शोधण्यात दुपार गेली. एका म्हातारीने दार उघडलं, पण साखळी काढली नाही. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, हातात अर्धवट उसवलेली बाही. ही माझी आई, आणि मला काहीच वाटेना. त्याचीच भयंकर चीड आली.

"आई, मीच आलोय. मला नावाने हाक मार, एकदाच."

"तुमच्या आधी तिघं येऊन गेले, 'चेहरा ऑफिसात राहिला' म्हणत हेच मागत. तुमच्या ऑफिसला दुसरा उद्योग नाही का हो?"

म्हणजे साहेबांनी आधीच खोटी माणसं पाठवून तिचा विश्वास उडवला होता. बिननावी माणूस खात्याला जन्मभर राबवता येतो ना! केसाने गळा कापला मेल्यांनी.

आत एक तरुण इस्त्री करत होता. तिने आवाज खाली आणला. "तो पाहुणा. चेहरा माझ्या लेकाचा आहे, पण आईला कळत नाही होय? पोर गुणी आहे, वेळेवर औषध देतो. तरी त्याला मी 'अहो पाहुणे' म्हणते. नाव माझ्या लेकासाठी राखून ठेवलंय. तो आला की मारीन हाक."

"अगं, तो मीच!"

"बरं, मग सांग. लहानपणी ताप चढला की माझ्याकडे काय मागायचास?"

काहीच आठवेना. ती मात्र थांबली होती. इतक्या आशेने बघत होती की मला ते सोसवेना.

"पाणी," मी ठोकून दिलं.

तिचा चेहरा पडला. "नाही रे बाबा."

मी गयावया केली, शिव्या दिल्या, चौकटीवर डोकं आपटलं. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. जिन्यातलं ऊन भिंतीवरून उतरून गेलं. शेवटी तिने साखळीच्या फटीतून हात बाहेर काढला आणि माझ्या डोक्यावरून फिरवला.

"तुमचीही आई वाट बघत असेल," ती म्हणाली. "जा, आधी तिला भेटा. दिवस मावळला."