तास उलटून गेलेला सांधा

प्लास्टिकच्या विमानाच्या पाठीवरचा सांधा फिटरच्या बायकोने बुधवारी दुपारी भरला आणि घासायचं काम नेहमीप्रमाणे त्याच्या पुढ्यात सरकवलं.

"अहो, तासाभरात घ्या हं घासायला. नाहीतर दगड होईल त्याचा."

"चहा टाकतो, तो पिऊन बसतो," फिटर म्हणाला.

चहाला उकळी यायच्या आत ती खुर्चीवरून खाली घसरली होती. मग दवाखाना, चार दिवसांची धावपळ, आणि पाचव्या दिवशी फिटर घरी आला तो एकटाच. विमान टेबलावर होतं तसंच होतं. त्याला पुढे अकरा आठवडे कुणी हात लावला नाही.

प्लास्टिकच्या संचातलं विमान दोन अर्ध्यांत येतं, डावं आणि उजवं. ते चिकटवलं की पाठीवर आणि पोटाखाली एक रेघ राहते. खऱ्या विमानाला ती नसते, म्हणून ती भरायची, घासायची आणि नाहीशी करायची. अशी विमानं बनवणाऱ्यांच्या क्लबातले बाकीचे लोक त्यासाठी लांबी, म्हणजे भेगा बुजवायचा तयार लगदा, वापरत. तिला लांबी पसंत नव्हती. लांबी सुकताना आत बसते आणि महिन्याभरात रेघ पुन्हा डोकं वर काढते. ती झटपट चिकटणाऱ्या गोंदात टाल्कम पावडर कालवून भरायची. तो असा आत बसत नाही. त्याची खोड एकच. तासाभरात घासला तर मऊ निघतो, रात्र उलटली की प्लास्टिकपेक्षा कडक होऊन बसतो. मग घासायचा कागद फिरवला की सांधा जागचा हलत नाही, आजूबाजूचं बिचारं प्लास्टिकच झिजतं.

फिटरने कारखान्यात छत्तीस वर्षं कानस चालवली होती. निवृत्त झाला त्याच आठवड्यात तिने त्याला टेबलाशी बसवलं होतं. "जन्मभर लोखंड घासलंत, आता जरा नाजूक काहीतरी घासा." तेव्हापासून भरायचं तिने आणि घासायचं त्याने, अशी वाटणी झाली.

क्लबच्या वार्षिक प्रदर्शनाच्या आधीच्या सोमवारी सेक्रेटरीचा फोन आला.

"काका, काकूंच्या जुन्या विमानांचं एक वेगळं टेबल लावतोय. फोटो ठेवू, दोन शब्द बोलू."

"आणि यंदाचं विमान? तिने स्पर्धेचा फॉर्म भरलाय ना?"

"भरलाय. पण ते अर्धवट आहे म्हणे."

"घासायचं राहिलंय फक्त. रंग आणून ठेवलाय तिने, चंदेरी."

"काका, त्या गोंदाला किती दिवस झाले?"

"अकरा आठवडे."

"मग सोडा आता. तो निघायचा नाही. त्यात चंदेरी रंग म्हणजे बारीकशी चूकसुद्धा बोंब मारून सांगतो. वाटलं तर मी नवा संच आणून देतो."

"नव्या संचाला तिचा हात लागलेला नाही," फिटर म्हणाला आणि फोन ठेवून दिला.

खरी सल वेगळीच होती. गेल्या वर्षी तिचं विमान पहिलं यायचं ते हुकलं, ते शेपटीजवळच्या सांध्यामुळे. तिथला परीक्षक प्रत्येक विमानाच्या पाठीवरून अंगठ्याचं नख फिरवायचा. सगळे त्याला पाठीमागे नखवाले म्हणत. शेपटीजवळ नख अडकलं. ती जागा फिटरने घाईत घासली होती. घरी येताना ती त्याला एका शब्दाने बोलली नाही. नुसतं म्हणाली, "पुढच्या वर्षी बघू नखवाल्यांना." ते पुढचं वर्ष आता येऊन ठेपलं होतं.

सोमवार आणि मंगळवार त्याने घासलं. घासलं म्हणजे वाट लावली. हाताला सवय होती तशी कागदामागे स्पंजची पट्टी धरली, आणि बुधवारी सकाळी उजेडात बघतो तर सांधा पाठीच्या कण्यासारखा वर आलेला आणि दोन्ही अंगांना खोलगट चर पडलेले. त्याने स्वतःला एक शिवी घातली. कडक आणि मऊ शेजारीशेजारी असतील तिथे मऊ पट्टी कधी वापरायची नसते, हे कारखान्यात त्याने नव्या पोरांना शंभर वेळा ऐकवलं होतं.

मग त्याने कारखान्यातून आणलेली जुनी पेटी उघडली. सांध्याच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टीचे तीन-तीन थर दिले, सांध्याएवढ्याच रुंदीची चपटी कानस काढली आणि श्वास धरून एकेक हात मारू लागला. दीड दिवस गेला. कणा खाली आला, चर मात्र राहिले.

शुक्रवारी दुपारी लेक आली. तिच्या हातात रिकामे खोके होते.

"बाबा, उद्या टेम्पो येतोय. तुमचे कपडे आणि कपाट माझ्याकडे नेऊ. हे टेबल आणि डबे क्लबला देऊन टाकू."

"टेम्पोवाल्याला सांग, उद्या नको. परवा प्रदर्शन आहे."

"बाबा, आपलं ठरलंय."

"तुझं ठरलंय. मी हो म्हणालो नव्हतो, मी गप्प होतो."

"गप्प म्हणजे हो नाही का?"

"तुझ्या आईला विचारलं असतंस तर तिने सांगितलं असतं. मी गप्प असलो की नाहीच असतं."

लेकीला हसू आलं. ते दाबत तिने खोके खाली ठेवले. "काय चाललंय काय तुमचं? सेक्रेटरी सांगत होते, हे निघणार नाही."

"निघणार नाहीच. ते दगड झालंय ना? मग आजूबाजूचंही दगड करायचं."

त्याने तिला दाखवलं. चरांसकट सगळ्या पाठीवर नाकापासून शेपटीपर्यंत तोच गोंद आणि तीच पावडर पसरायची. सगळं सारखंच कडक झालं की कागद कुठे जास्त खाणार नाही, कुठे कमी खाणार नाही. लेकीने मान हलवली. तिने काही म्हणायच्या आत फिटर गोंद पसरून मोकळाही झाला होता.

आणि तिथेच चूक झाली. नुसती रेघ असेल तर ती एकदम भरायची, पण असं रुंद भरायचं तर वीतभरच भरायची आणि तेवढं घासून झालं की पुढची वीत घ्यायची. फिटरने पूर्ण पाठ एकदम भरली. तीन वीत लांब पाठ आणि हातात एक तास.

"अरे देवा," तो घड्याळाकडे बघत म्हणाला.

लेकीने खुर्ची ओढली. "कुठला कागद?"

"तू?"

"लहानपणी आईच्या बाजूला बसून काय नुसती बघत होते का? बोला लवकर."

"तो जाडा आधी. लाकडी ठोकळ्यावर गुंडाळ. पाण्यात बुडवून. गोल फिरवू नको, तिरपं मार. तू डावी बाजू घे."

तासभर दोघं घासत राहिले. मधूनमधून, "दाबू नको," आणि, "बाबा, तुम्हीच दाबताय." पन्नासाव्या मिनिटाला त्याने काळ्या मार्करने पाठीवर रेघोट्या मारल्या आणि वरून कागदाचा एक हात फिरवला. जिथे खळगा असतो तिथे काळं उरतं. नाकाजवळ दोन ठिपके उरले. शेपटीजवळ एकही नाही. साठाव्या मिनिटाला ठिपकेही गेले. लेकीने ओल्या हातांनी फोन घेतला आणि टेम्पोवाल्याला शनिवार नको म्हणून सांगितलं.

शनिवारी विमानावर चंदेरी रंग चढला, आणि रविवारी प्रदर्शनात सेक्रेटरीने टेबलावर ठेवायची चिठ्ठी पुढे केली. बायकोच्या नावाआधी कै. लिहिलं होतं. फिटरने खिशातलं पेन काढून ते अक्षर खोडलं.

"काका, तशी पद्धत असते."

"विमान यंदाचं आहे. स्पर्धेतलं आहे. फोटोच्या टेबलावर नाही, इथे ठेवायचं, बाकीच्यांच्या रांगेत."

नखवाले आले. वाकून त्यांनी चंदेरी पाठीवर अंगठ्याचं नख टेकवलं आणि नाकाकडून शेपटीकडे नेलं. नख कुठेही अडलं नाही. ते कागदावर काही लिहायला लागले.

"थांबा," फिटर म्हणाला. "आता उलटं फिरवा. शेपटीकडून."

"गरज नाही, काका."

"मला आहे. गेल्या वर्षी तिथेच अडलं होतं."

नखवाल्यांनी चष्मा सारखा केला आणि शेपटीपासून सावकाश नख ओढत नाकापर्यंत आणलं. मग सरळ उभे राहिले.

"सांधा नाही," ते म्हणाले. "पण पाठ थोडी चपटी झालीय. गोलाई गेली."

"चपटी असेल. सांधा नाही ना?"

"नाही."

"तेवढंच मोठ्याने सांगा एकदा."

नखवाल्यांनी आजूबाजूला पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं.

बक्षीस दुसऱ्याच कुणाला मिळालं. चपटी पाठ चालत नाही, हे फिटरलाही माहीत होतं. विमान मांडीवर धरून तो लेकीच्या गाडीत बसला.

"मग टेम्पो कधी सांगू?" तिने विचारलं.

"सांगूच नको. कपाटावर तिने आणून ठेवलेले चौदा संच आहेत अजून."

"चौदा! बाबा, जन्म पुरेल का?"

"शुक्रवारी दुपारी येत जा," फिटर म्हणाला. "डावी बाजू तुझी."