दसऱ्याचे ग्रीस

मी एक जुना लोखंडी गोळा आहे. मुलुंडच्या एका सोसायटीत उभ्या असलेल्या जीपच्या मागच्या दांड्यावर बसलेला. मित्रांनो, येता-जाता तुमची नडगी माझ्यावर आपटली असेल आणि तुम्ही मला शिव्याही दिल्या असतील. हल्ली माझी माणसांशी ओळख एवढीच!

एके काळी मात्र माझ्या जिवावर अख्खे घर फिरायचे. विद्याधरकाका आणि जयंतीकाकूंनी निवृत्त झाल्यावर हौसेने छोटी कॅराव्हॅन घेतली. पुढे जीप, मागे चाकांवरचे घर आणि दोघांना जोडणारा मी. घाटकोपरच्या श्यामकांत मिस्त्रीने मला बसवले आणि लगेच पॉलिश पेपरने माझा नवाकोरा काळा रंग घासून काढला. मला फार वाईट वाटले.

"काका, याला रंग नको, तेल नको, ग्रीस तर अजिबात नको," तो म्हणाला. "कॅराव्हॅनच्या पुढच्या पकडीत स्टॅबिलायझरची पॅडं असतात, ती याला ब्रेकसारखी घट्ट धरतात, म्हणून गाडी डोलत नाही. हा बुळबुळीत झाला ना, तर वाट लागली समजा."

प्रत्येक प्रवासाआधी काकू जुन्या सुती साडीच्या फडक्याने मला लख्ख पुसत. परत आल्यावर नातीचा, गार्गीचा, अर्धा कापलेला टेनिसचा चेंडू टोपीसारखा घालत. तेवढे माझे लाड.

पण दसरा आला की मी खट्टू व्हायचो. जीपला हार, दारांच्या बिजागऱ्यांना तेल आणि मी ठणठणीत कोरडा! तीन वर्षांपूर्वी काकांना माझी दया आली.

"सगळ्यांचं तेलपाणी झालं, हा बिचारा सणाच्या दिवशीही कोरडाच?" असे म्हणत त्यांनी मला बोटभर ग्रीस फासले. काकू वर पुऱ्या तळत होत्या. मी असा चकाकलो म्हणून सांगू!

पुढच्या रविवारी निघायची घाई झाली. काकू डबे भरत राहिल्या, फडका घरातच राहिला. कसाऱ्याच्या अलीकडे एका उतारावर शेजारून सुसाट ट्रक गेला आणि कॅराव्हॅन डावी-उजवीकडे झोकांड्या खाऊ लागली. पॅडं मला धरू पाहत होती, मी निसटत होतो.

"अहो, थांबवा! थांबवा ना!" काकू ओरडल्या.

काकांनी हळूहळू वेग कमी केला. कुणाला खरचटलेही नाही. परत आल्यावर श्यामकांतने ग्रीस प्यालेली पॅडं काढून दाखवली. "नवीन टाकू, काकू. काही होत नाही."

"पॅडं बदलशील रे," काकू म्हणाल्या, "पण कॅराव्हॅन जोडलेली असेल, तर मी आता नाही बसणार गाडीत."

त्या बसल्या नाहीत. गेल्या महिन्यात कॅराव्हॅन विकली. दुसऱ्याच गाडीच्या गोळ्याला जोडून ती माझ्या डोळ्यांदेखत फाटकाबाहेर गेली. मला रडू आले, पण लोखंडाला नुसता गंज येतो.

काल दसरा झाला. काका माझ्यापासून लांबच उभे होते. काकू फडका घेऊन खाली आल्या आणि टोपी काढून मला पुसू लागल्या.

"आता कशाला गं? कॅराव्हॅन गेली ना," काका म्हणाले.

"असू दे. हाताला सवय आहे."

मित्रांनो, कुणाची काळजी घ्याल, तेव्हा त्याला काय सोसते ते आधी विचारा. माझे काय, माझ्या मागे आता कुणी नाही. तरी काकूंनी मला ठेवले आहे अगदी कोरडे, उद्याच निघायचे असल्यासारखे.