सालीचा वाटा

वाओसानं निखाऱ्यांवर धरलेलं नोनूच्या झाडाचं औषधी पान उलटलं, बोट पोळलं, आणि पाद्रीबाबा ऐकतील म्हणून तोंडाशी आलेली शिवी तिनं गिळली. बाबा पडद्यामागे पालथे पडले होते. गळू अशा जागी झालं होतं की गेल्या रविवारी त्यांना बसवेना, आणि बसवेना म्हणून उभ्यानं चाललेलं प्रवचनही संपेना. घरोघरी चुलीवरचा तारोचा कंद गार झाला तरी गाव देवळातच होतं.

पान वाओसाचं, साल धाकट्या बहिणीची, मेलेसालाची. झाड एकच, पण आईनं मरताना औषध असं वाटून दिलं होतं. खरा गुण कुणाच्या वाट्यात, यावरून दोघींचं जे फाटलं ते फाटलंच. एरवी एकमेकींचं तोंड बघत नसत. गावात कुणाला गळू झालं की मात्र एका चटईवर बसून मनसोक्त भांडत.

आज वाओसा खुशीत होती. तिची लेक टिरेसा आपिया शहरातल्या प्रयोगशाळेत कामाला होती. तिनं दोन्ही तपासून आणलं होतं.

"आमच्या काचेच्या बशीत तरी तुझ्या पानानंच जंतू मेले, आई. मावशीच्या सालीनं नुसता रंग चढला."

"पुन्हा सांग."

"तुझं पान पुरे."

वाओसानं ते आणखी एकदा वदवून घेतलं.

तेवढ्यात मेलेसाला धापा टाकत आली. काखेत साल, केसांत नवीन फूल.

"सरक गं ताई. केवढी जागा अडवतेस!"

"मी अडवते? स्वतःकडे बघ."

मेलेसाला बसली आणि साल कुटू लागली.

"पोरगी आलीय म्हणे. काय म्हणते तिची प्रयोगशाळा?"

ती हसत होती, पण दगड धरलेला हात थांबला होता. मान वर होत नव्हती. वाओसानं हातातलं पान खाली ठेवलं. साल नको, तर ही तरी कशाला येईल?

टिरेसानं तोंड उघडलं. वाओसानं तिला कोपरानं ढोसलं.

"सालीवाचून पानाचा काडीचा उपयोग नाही म्हणते," वाओसा स्वतःच म्हणाली.

"मी जन्मभर काय सांगतेय!" मेलेसाला किंचाळली.

"बायांनो, लावा की काहीतरी," पडद्यामागून बाबा कण्हले.

"घाई करू नका," वाओसा खेकसली. "साल कुटायला वेळ लागतो. आणि उद्याही यावं लागेल हिला."