पाणक्याचा डगला

अदृश्य झगा धुवायचा कसा, हे कुठल्याही ग्रंथात लिहिलेलं नाही. तो कुठल्या जादूगाराने विणला, कुठल्या राजाने त्याच्या जोरावर कुठल्या राक्षसाला लोळवलं, याची पानंच्या पानं सापडतात. पण राक्षसाला लोळवताना राजाला घाम आला असेल की नाही? काखेत डाग पडले असतील की नाही? ते कुणी काढले म्हटलं, की ग्रंथकार मूग गिळून बसतात.

ते डाग राजवाड्याची परटीण काढायची. तिच्या आधी तिची सासू काढायची. झगा सापडावा म्हणून सासूने त्याच्या गळ्यापाशी वीतभर लाल दोरा टाचला होता. दोरा हवेत तरंगताना दिसला, की खाली झगा आहे असं समजायचं. खळ मात्र घालायची नाही. सासूने तरुणपणी हौसेने एकदा घातली होती, तर झगा दिसेना पण खळ दिसायला लागली, आणि थोरल्या महाराजांना तसं चालत येताना पाहून मुदपाकखान्यातल्या तीन बायका आडव्या झाल्या.

वर्षातून एकदा झगा पेटीतून धुवायला यायचा आणि धुवून पेटीत जायचा. थोरल्या महाराजांनंतर तो कुणी घातलाच नव्हता. या वर्षी मात्र युवराजांनी भर पंगतीत पैज मारली. शेजारच्या राजाच्या आजोबांनी यांच्या आजोबांची तलवार ‘जरा देता का’ म्हणून नेली होती, ती साठ वर्षं परत आली नव्हती. ती मी झगा घालून एका दिवसात आणतो, असं युवराज म्हणाले.

कारभारी पेटी घेऊन धोबीखान्यात आले. माणूस बारीक, पण आवाज असा की भट्टीवरचं पाणी थांबून ऐकेल. परटिणीकडे न बघता, भिंतीला सांगावं तसं ते म्हणाले, “उद्या सकाळी युवराज स्वतः येतील. झग्याला काही झालं तर दोघींनी बोचकं बांधायचं.”

दोघी म्हणजे परटीण आणि तिची नणंद. नणंद इस्त्रीला होती. धोबीखान्यामागच्या दोन खोल्या हेच त्यांचं घर. परटीण लग्न होऊन इथेच आली, तिचा नवरा इथेच गेला. दुसरं जायला ठिकाण नव्हतं. तिने झगा भिजवला, धुतला, हलकेच पिळला आणि चाळीस चादरींच्या शेजारी दोरीवर टाकला. मग ती जेवायला बसली.

नणंदेचा एकच दोष होता, तो म्हणजे टापटीप. लोंबता दोरा दिसला की तिची कात्री चाललीच. परटीण हात धुवून बाहेर आली, तेव्हा लाल दोरा नणंदेच्या बोटाला गुंडाळलेला होता.

“ताई, हा दोरा कुठून आणलास?”

“लोंबत होता मेला हवेत. कापला,” नणंद म्हणाली, आणि मग तिचंच तोंड उघडं राहिलं.

वारा सुटला होता. झगा दोरीवर नव्हता. दोघी हात पसरून अंगणभर हवा चाचपायला लागल्या. चादरींमागे बघितलं, हौदात ढवळलं, भट्टीमागे काठी फिरवली. त्यातच चिमट्यांची टोपलीही दिसेना.

“टोपली कुठे ठेवलीस?”

“मी कशाला ठेवू? इथेच होती दोरीखाली. तूच नेली असशील.”

“ताई, आत्ता टोपलीचं काढू नकोस.”

“काढलंस तूच.”

वरच्या खिडकीतून कारभाऱ्यांनी विचारलं, “काय चाललंय?”

“वारा बघतोय,” परटीण हात तसेच पसरून म्हणाली. “कपडे वाळतात का ते.”

दिवेलागणीपर्यंत हवा चाचपून दोघींचे खांदे भरून आले, पण झगा काही हाताला लागला नाही. नणंद रडायला लागली. परटीण घरात जाऊन खाटेवर बसली, आणि तिची नजर समोरच्या खुंटीवर गेली.

खुंटीवर नवऱ्याचा डगला होता. राखाडी रंगाचा, कोपरावर ठिगळ, एक खिसा उसवलेला. तो राजवाड्यात पाणक्या होता. बावीस वर्षं रोज सकाळी युवराजांच्या अंघोळीचं गरम पाणी त्याने चौऱ्याऐंशी पायऱ्या चढवून नेलं होतं. तो गेला त्या सकाळी परटिणीने वर निरोप पाठवला, की पाणक्या गेला. वरून कारभाऱ्यांनी उलट विचारलं, “कुठला?”

त्या एका शब्दाचा तिला तेव्हा जितका राग आला होता, तितका मरणाचाही आला नव्हता. तो राग आज तिच्या कामाला आला. तिने डगला खुंटीवरून काढला, झटकला आणि इस्त्रीला दिला.

सकाळी युवराज आले. मुलगा वाईट नव्हता, फक्त त्याने स्वतःच्या हाताने आजवर दारसुद्धा उघडलं नव्हतं. तो उंबऱ्यापाशी थांबून राहिला, शेवटी परटिणीनेच दार ओढलं.

“हा झगा?” डगला हातात घेऊन तो म्हणाला. “हा तर दिसतोय.”

“घालणाऱ्याला दिसतो, सरकार. नाहीतर बाह्या कशा सापडतील?”

“तुलाही दिसतोय.”

“धुणारीला दिसावाच लागतो. नाहीतर डाग कसे काढू?”

हे युवराजांना पटलं. डगला त्यांना अगदी बेतलेला बसला. परटिणीने त्यांच्या हातात रिकामी बादली दिली. “एकदा आजमावून बघा. अंगणात कारभारी उभे आहेत, त्यांच्या नाकासमोरून जाऊन या. मान मात्र खाली ठेवायची. मान वर केली की जादू उतरते.”

युवराज गेले. परटीण दाराआडून बघत होती. आपलं बोचकं आता बांधलंच समजा, असं तिला वाटलं. ज्यांनी या पोराला पाळण्यात पाहिलं, ते कारभारी हातभर अंतरावर उभे होते. त्यांनी डोळे वळवलेसुद्धा नाहीत. “बादली तिकडे ठेव,” असं म्हणून ते पुन्हा यादी वाचायला लागले.

युवराज धावतच परत आले. “नाही दिसलो! पण बादली तिकडे ठेव म्हणाले.”

“ते बादलीशी बोलले, सरकार. बादली दिसतेच ना.”

युवराज बादलीसकट शेजारच्या राजाकडे निघाले. तो दिवस दोघींनी कसा काढला ते त्यांनाच ठाऊक. नणंदेने एकच सदरा अकरा वेळा इस्त्री केला. परटीण मनात म्हणत होती, पोरगा पकडला गेला तर आपलं घर तर जाईलच, पण त्याच्या जिवाचं काही झालं तर मी कुणाला तोंड दाखवू.

दिवस उतरायला आला तेव्हा धोबीखान्याचं दार उघडलं. युवराजांनी ते स्वतः उघडलं होतं. पाठीवर मळक्या चादरींचं हे एवढं मोठं गाठोडं होतं. ते त्यांनी धप्पकन खाली टाकलं आणि धुण्याच्या दगडावर बसून पाय चोळायला लागले.

“झग्यात काहीतरी बिघाड आहे,” ते म्हणाले. “मी दिसलो कुणालाच नाही. पण सगळे काम सांगत होते.”

“अगं बाई,” नणंद म्हणाली.

“दारातच एकाने पाण्याचे दोन हंडे वर न्यायला लावले. वर गेलो तर एक म्हणाली शिडी धर. शिडी धरली तर एक म्हणाला राख काढ. मग खुद्द राजा भेटला. दहा वेळा माझ्या शेजारी बसून जेवलाय तो. त्याने पाय पुढे केला आणि म्हणाला, जोडे काढ.”

“काढलेत?”

“काढले. दुसरं काय करणार?” युवराजांचे कान लाल झाले. “मग भिंतीवरून त्याने तलवार उतरवली, माझ्या हातात दिली आणि म्हणाला, धूळ बसलीय हिच्यावर, पुसून आण. आणि जाताना त्या चादरीही ने.”

गाठोड्यातून तलवारीची मूठ बाहेर डोकावत होती. साठ वर्षं न मिळालेली तलवार. परटिणीने तोंडाला पदर लावला. नणंद वळून निखाऱ्यांना फुंकर घालायला लागली, निखारे चांगले फुललेले असताना.

“असं का झालं असेल?” युवराजांनी विचारलं.

“आमच्या कपड्यांबरोबर भिजला ना, सरकार,” परटीण गंभीर चेहऱ्याने म्हणाली. “कामाचा वास लागला असेल त्याला.”

युवराजांनी डगल्याच्या ठिगळावरून बोट फिरवलं. मग हळूच म्हणाले, “हे कुणाला सांगू नकोस.”

“मी कशाला सांगू? पण आमचं इथलं राहणं तेवढं…”

“तुम्हाला इथून कुणी हलवणार नाही. मी सांगतो कारभाऱ्यांना.” मग ते उठले, डगला काढला, आणि तो कुठे ठेवायचा ते न कळून स्वतःच खुंटी शोधून अडकवला.

दुसऱ्या दिवशी दरबारी लेखकाने हा पराक्रम वाचून दाखवला. त्यात दोन अजगर होते, एक आग ओकणारा पहारेकरी होता, आणि ‘त्या विशाल महालात चिटपाखरूही नव्हते’ असं वाक्य होतं. भिंतीला लागून तबकं, पंखे आणि पाण्याची भांडी घेऊन उभ्या असलेल्या तीस-चाळीस माणसांनी ते निमूटपणे ऐकलं. स्वच्छ पडदे घेऊन आलेली परटीण त्यांतच होती. हंडे कुणी नेले, राख कुणी काढली, हे आपल्याला ठाऊक आहे या विचाराने तिच्या पोटात हसू मावेना. तेवढ्यात कारभारी दाराकडे हात करून ओरडले, “ती बादली उचल रे!” आणि व्यासपीठावर युवराज आसनातून अर्धे उठले.

कुणाच्या लक्षात आलं नाही. परटिणीच्या आलं. युवराजांनी तिच्याकडे बघितलं आणि खाली बसले.

ती अंगणात परतली, तेव्हा नणंद शेजारच्या राजाच्या चादरी पिळून उभी होती. चिमटे अजून सापडले नव्हते. परटीण दोरीखाली वाकली आणि तिच्या पायाला काहीतरी टणक लागलं. तिने हात खाली घातला. बोटांना आधी मऊ कापड लागलं. तिने ते उचललं, तर खालून चिमट्यांची टोपली निघाली.



“बघ,” नणंद म्हणाली. “मी म्हटलं नव्हतं, दोरीखालीच होती?”

कारभारी पेटी न्यायला दारात उभे होते. परटीण आत गेली. एका हातात झगा होता, समोर खुंटीवर डगला. तिने फार विचार केला नाही. डगल्याची नीट घडी घातली, उसवलेला खिसा शिवला, गळ्यापाशी तोच लाल दोरा टाचला आणि डगला पेटीत ठेवून कुलूप लावलं. हुंदका आला तो तिने कुलपाबरोबरच बंद केला.

“जड लागतेय,” कारभारी म्हणाले.

“पराक्रम झालाय ना आता.”

पेटी तिजोरीत मखमलीवर ठेवली गेली. दाराशी दोन पहारेकरी बसले. आतला झगा अदृश्यच आहे म्हटल्यावर ती उघडून बघायचं कुणाला सुचत नाही. दरवर्षी त्या दिवशी सगळा दरबार तिच्यासमोर वाकतो, सगळ्यांत खाली कारभारी.

आणि दुपारची जेवणं झाली की धोबीखान्यात सामसूम असते. परवा कारभारी टॉवेल मागायला आले. भट्टी पेटलेली, कपडे वाळत घातलेले, माणूस मात्र एकही नाही.

“कुठे गेली ती परटीण?” ते भिंतीला म्हणाले.

आतल्या खाटेवरच्या रिकाम्या जागेतून झोपाळू आवाज आला, “कुठली?”