ताईंचा ट्रे

चूक झाली नाही, होता होता राहिली. झालेल्या चुकीवर माणूस रडून मोकळा तरी होतो. राहिलेली चूक पोटात जाऊन बसते. ब्रदरच्या पोटात ती संध्याकाळपासून बसली होती.

हॉस्पिटलात त्याला सगळे ब्रदरच म्हणत. सगळी नोकरी ऑपरेशन थिएटरात गेली. मागच्या थंडीत बायको गेली, तेव्हा त्याने हातापाया पडून बदली मागून घेतली ती पुरुषांच्या वॉर्डात, कारण तो तिचा वॉर्ड होता. तिथं ती इन्चार्ज होती. सगळे तिला ताई म्हणत. कपाटातल्या चादरींच्या घड्या अजून तिच्या पद्धतीच्या होत्या, आणि ट्रे तिचा होता.

ट्रेची गोष्ट अशी. जेवणाआधीची इंजेक्शनं देता देता अर्ध्या वॉर्डाचं जेवण थंड होऊन जायचं. म्हणून ताईने वर्कशॉपच्या फिटरला गाठून पत्र्याचा एक ट्रे करून घेतला. आत खण पाडलेले. दारापासून पहिली खाट तो पहिला खण, दुसरी खाट तो दुसरा. इंजेक्शनं आधीच भरून खणात ठेवायची आणि दारापासून निघायचं. काम इतकं सरळ झालं की बघता बघता सगळ्या वॉर्डांनी तसेच ट्रे करून घेतले. ती गेल्यावरही त्याला ‘ताईंचा ट्रे’च म्हणत. कुणी तसं म्हणालं की ब्रदरला बरं वाटायचं. देवाघरी गेलेल्या माणसाचं नाव रोज दोनदा घेतलं जातं, हे काय थोडं आहे?

त्या दिवशी दुपारी वॉर्डातल्या एका शिंपी पेशंटला खिडकीचा वारा लागत होता. शेजारचे गणिताचे मास्तर म्हणाले, “या, माझ्या खाटेवर या. मला वारा चालतो, मला विद्यार्थी चालले नाहीत एवढंच.” दोघांनी आपापल्या उशा उचलल्या आणि खाटा बदलल्या. शेजारधर्म झाला, कुणाला सांगायचं सुचलं नाही.

संध्याकाळी नवी सिस्टर ट्रे घेऊन निघाली. अखंड बडबड म्हणून तिला सगळे चिमणी म्हणत. पेशंटशी बोलता बोलता तिने मास्तरांच्या पोटाची चिमूट धरली. हातात शिंप्याचं इन्सुलिन. मास्तरांना साखरेचा आजारच नव्हता. ब्रदर समोरच्या उशीला खोळ घालत होता. खाटेच्या दांडीवर शिंप्याची मोजायची टेप दिसली नाही, म्हणून त्याने सहज वर पाहिलं.

“अगं, हे मास्तर आहेत.”

चिमणीचा हात जागीच थांबला. चेहरा पांढराफटक. “सुई बदलून आणते हं,” असं म्हणून ती वळली. मास्तर म्हणाले, “सावकाश आण, मला कुठं गाडी पकडायची आहे?” कुणालाच काही कळलं नाही.

सुटी झाल्यावर फाटकाशी ती त्याची वाट बघत उभी होती.

“काका, सांगणार नाही ना कुणाला?”

“झालं तर काहीच नाही.”

“तेच म्हणते मी. झालं तर काहीच नाही. उद्या उभ्या बाई विचारतील ना सकाळी. तुम्ही नुसतं गप्प राहा. माझी नोकरी अजून कच्ची आहे. घरात मिळवणारी मी एकटी.”

“गप्प बसायला मला शिकवावं लागत नाही,” तो म्हणाला, आणि ती हसायच्या ऐवजी रडली.

उभ्या बाई म्हणजे हॉस्पिटलच्या नव्या प्रमुख. डॉक्टर बाई. रोज सकाळी प्रत्येक वॉर्डात येत आणि सगळ्यांना बेसिनजवळ उभं करून विचारत, “काल काय चुकलं, काय चुकता चुकता राहिलं?” खुर्चीवर कधी बसत नसत, म्हणून उभ्या बाई. त्या विचारत आणि सगळे बेसिनकडे बघत. एकदा फार शांतता झाली तेव्हा एक मावशी म्हणाली, “नळ गळतो.” त्या दिवशीच नळ दुरुस्त झाला. पण नळ वेगळा आणि माणूस वेगळा. आधीच्या साहेबांनीही असंच गोड बोलून विचारलं होतं. एका सिस्टरने खरं सांगितलं, आणि ती अजून तळघरातल्या स्टोअरमध्ये कापूस मोजत होती. दुधाने तोंड पोळलेली ही माणसं. ताक दिसलं तरी पळत होती.

ब्रदर घरी आला. भात लावला आणि गॅसजवळ उभा राहिला. त्याला उभ्या बाईंची भीती होतीच, चिमणीची काळजी होती. पण खरी भीती वेगळीच होती आणि ती नीट उघडून बघायचं त्याला धाडस होत नव्हतं. पोरीने गफलत केली नव्हती. तिने खाटा बरोबर मोजल्या होत्या. चुकला होता तो ट्रे. माणसं हलली की ट्रे खोटा ठरत होता, आणि माणसं तर हलतातच. हे सांगायचं म्हणजे बायकोच्या हातची शेवटची गोष्ट आपल्याच हाताने मोडायची. आणि समजा आधीही असं झालं असेल तर? तिच्या हातून? कुणी झोपेत गेलं असेल आणि सगळ्यांनी म्हटलं असेल, वय झालं होतं? भात खाली लागला. वास आला तेव्हा त्याला कळलं.

सकाळी बेसिनजवळ सगळे उभे राहिले. ट्रे भरून तयार होता. चिमणी त्याच्या समोरच, पदराशी चाळा करावा तशी ॲप्रनच्या टोकाशी खेळत होती.

“काल काय चुकता चुकता राहिलं?” उभ्या बाईंनी विचारलं.

सगळ्यांनी बेसिनकडे पाहिलं. नळ गळत नव्हता. ब्रदरची जीभ टाळ्याला चिकटली होती. थिएटरात त्याने माणसांची पोटं उघडी पाहिली होती, तेव्हा त्याला असं झालं नव्हतं.

“बरं,” बाई म्हणाल्या आणि निघाल्या.

चिमणीने ट्रे उचलला. तिचे हात कापत होते आणि खणांमधल्या सिरिंजा पत्र्यावर वाजत होत्या. तो बारीक आवाज ब्रदरला सहन झाला नाही.

“थांबा,” तो म्हणाला. त्याचा आवाज त्याला स्वतःलाच ओळखू आला नाही. “बाई, थांबा. ट्रे खाली ठेव गं.”

मग त्याने सांगितलं. खाटा, खिडकी, मास्तर, इन्सुलिन. चिमणीचं नाव घेतलं नाही. पण तीच मध्ये बोलली, “मी होते,” आणि मेल्यासारखी उभी राहिली. ब्रदर पुढच्या प्रश्नाची वाट बघू लागला. आधीचे साहेब या ठिकाणी विचारायचे, ‘तुमची नोकरी किती वर्षं झाली?’

बाईंनी विचारलं, “हा ट्रे आणखी कुठं कुठं वापरतात?”

“सगळीकडे. माझ्या बायकोनेच शिकवलं सगळ्यांना.”

“आणि आज कुठल्या वॉर्डात खाटा हलल्यात?”

मावशी म्हणाली, “वर बायकांच्या वॉर्डात. छतातून पाणी ठिबकतं म्हणून पहाटेच ओढल्या. मीच हात लावला.”

वरच्या वॉर्डात बाईंची फेरी नंतर असायची. म्हणजे इंजेक्शनं आधी. बाईंनी भिंतीवरचा फोन उचलला. वर नुसता वाजत राहिला, कारण सगळ्याजणी खाटांपाशी होत्या. ब्रदर फोन संपायला थांबलाच नाही.

या वयात तो जिना धावत चढला. छातीत भाता चालला होता. मधल्या वळणावर वाटलं, आता आपणच पडणार आणि आपल्यालाच खाटेवर टाकणार, आणि तीही कितवी कुणास ठाऊक. दार ढकलून तो आत शिरला आणि ओरडला, “इंजेक्शनं थांबवा!” आयुष्यात तो कधी ओरडला नव्हता.

जाड भिंगाच्या सिस्टरने वर पाहिलं. ट्रेमधले दारापाशीचे खण रिकामे होते.

“काय झालं? भुतं लागली का मागे, ब्रदर?”

“कुणाकुणाला दिलं? खाटा कुठून कुठं गेल्या?”

तिने खाटांकडे पाहिलं, ट्रेकडे पाहिलं. मग हळूहळू भिंगांमागचे डोळे मोठे झाले. दाराजवळच्या आजीला तिने आताच इन्सुलिन दिलं होतं. चांगलं भरपूर. आणि ते ज्या बाईचं होतं ती ठिबकणाऱ्या छताखालून हलून कोपऱ्यात गेली होती. आजी आली होती पाय मोडून. साखर तिला कधीच नव्हती.

उभ्या बाई धापा टाकत वर पोचल्या. पुढचं सगळं त्यांनी हळू आवाजात केलं. आजीच्या बोटातून रक्त काढून साखर बघितली, साखरेचं पाणी पाजलं, हातात ग्लुकोजची सलाईन लावली. “ब्रदर, तुम्ही इथून हलायचं नाही. बोलत ठेवा त्यांना. थोड्या थोड्या वेळाने साखर बघा. हे औषध दुपारपर्यंत अंगात राहील.”

ब्रदर स्टुलावर बसला. आजीचा हात त्याने धरला आणि तो ओला लागला. घाम. तिचा की आपला, ते त्याला कळेना. बायकोचा हात असाच ओला झाला होता, आणि मग थंड.

“आजी, झोपायचं नाही हं.”

“का रे बाबा? हॉस्पिटलात दुसरं काम काय असतं?” आजीची जीभ जरा जड वाटत होती. “तू कोण?”

“इथलाच. खालच्या वॉर्डातला.”

“हात का धरलायस एवढा? माझा जावईसुद्धा धरत नाही.”

“बोलत राहा. जावयाचं सांगा.”

“त्याचं काय सांगायचं? नाव मोठं आणि लक्षण खोटं.” तिचे डोळे मिटले. ब्रदरने तिचा गाल थोपटला. साखर पाहिली. उतरली होती. जाड भिंगाच्या सिस्टरने दुसरी सलाईन जोडली. तिच्या चष्म्यावर पाणी आलं होतं आणि पुसायला हात मोकळा नव्हता. जर मी बेसिनजवळ गप्पच राहिलो असतो, ब्रदरच्या मनात आलं, तर ही डोळे मिटून पडली असती आणि आपण चादर नीट करून पुढं गेलो असतो. आणि काल संध्याकाळीच बाईंना सांगितलं असतं, तर हिला कुणी टोचलंच नसतं. दोन्ही खरं होतं. कुठल्याही बाजूला कूस बदलली तरी टोचत होतं.

“आजी! डोळे उघडा. तुमचं नाव काय?”

आजीने एक डोळा उघडला. नाव सांगितलं, अगदी माहेरच्या नावासकट. मग म्हणाली, “तुमच्या त्या आधीच्या बाईसारखंच नाव विचारतोस तू.”

“कुठल्या?”

“दम्याने मी सारखी यायची तेव्हा होती. ट्रेवाली. कधी खाली, कधी वर असायची. सुई टोचायच्या आधी नाव विचारायची. रोज. सकाळी सांगितलेलं संध्याकाळी परत. मी म्हटलं, बाई गं, मी काय सकाळ-संध्याकाळ नवरा बदलते का? तर हसली आणि म्हणाली, मला तुमच्या तोंडून ऐकायला आवडतं. नाव सांगितल्याशिवाय सुई लावायची नाही, वैताग नुसता!” आजीने श्वास घेतला. “आता कुणी विचारत नाही. पटापट होतं.”

ब्रदर तिचा हात तसाच धरून बसला. माणसांनी तिचा ट्रे उचलला होता आणि तिचा प्रश्न तिथंच ठेवून दिला होता. त्यानेही. महिनोन्महिने तो तोच ट्रे पुसून ठेवत होता.

दुपार कलली तशी साखर वर राहू लागली. आजीने जेवण मागितलं आणि आमटीला नावं ठेवली. जाड भिंगाची सिस्टर बाथरूममध्ये जाऊन मोठ्याने रडून आली.

तेवढ्यात आजीचा मुलगा आला. ट्रक चालवणारा, दार भरून जाईल असा माणूस. सलाईन बघून म्हणाला, “हे काय? काल तर नव्हतं.” उभ्या बाई आजीला बघायला परत आल्या होत्या. ब्रदरला वाटलं, आता बाई म्हणतील, अशक्तपणा होता म्हणून लावली. आधीच्या साहेबांनी तेच सांगितलं असतं, आणि ते खपलंही असतं.

“तुमच्या आईला सकाळी दुसऱ्या पेशंटचं इंजेक्शन दिलं गेलं,” उभ्या बाई म्हणाल्या. “जीव जाऊ शकत होता. आता धोका टळलाय. चूक आमची आहे. मी रोज त्या ट्रेजवळून पुढं जात होते आणि मला ती दिसली नाही.”

मुलगा तडक त्यांच्या अंगावर गेला. “दिसली नाही? डोळे काय खिशात ठेवून येता? कोणी दिलं? समोर आणा त्याला!”

“माझ्याशी बोला. मी समोर आहे.”

बाईंचा आवाज शांत होता, पण पाठीमागे धरलेले त्यांचे हात ब्रदरला दिसत होते. ते चिमणीच्या हातांसारखेच कापत होते. घाबरूनही माणूस असा उभा राहू शकतो, हे त्याने पहिल्यांदा पाहिलं. मुलगा बराच वेळ ओरडला. शेवटी आजीच म्हणाली, “पुरे रे. त्यांनी सांगितलं तरी. तू गाडी कुठं घासलीस ते तर अजून सांगितलं नाहीस मला.”

संध्याकाळी बाई खाली आल्या. ट्रे बेसिनशेजारी पालथा पडला होता. “इंजेक्शन खाटेपाशीच भरायचं,” त्या म्हणाल्या, “आणि नाव पेशंटच्या तोंडून ऐकल्याशिवाय टोचायचं नाही. वेळ जास्त लागेल, मला माहीत आहे. जेवण उशिरा वाढायला मी स्वयंपाकघराला सांगितलंय. चालेल का तुम्हाला? ट्रे ताईंचा होता.”

“हेही तिचंच आहे,” ब्रदर म्हणाला. एवढंच त्याच्याने बोलवलं.

चिमणी त्याच्या मागे येऊन उभी राहिली. आज तिचं तोंड बंद होतं. ब्रदरने औषधाची बाटली आणि सिरिंज घेतली आणि शिंप्याच्या खाटेशी गेला. टेप दांडीवर होती. हा शिंपीच होता, यात तिळमात्र शंका नव्हती. तरी ब्रदर खाटेपाशी थांबला.

“आपलं नाव सांगा.”

शिंप्याने चष्मा वर केला. “अहो ब्रदर, काल तासभर माझ्या सुनेची गाऱ्हाणी ऐकलीत. आणि आज नाव विचारता?”

“विचारतो. उद्याही विचारीन.”

शेजारून मास्तर म्हणाले, “सांगून टाका हो. हजेरी आहे.”

शिंप्याने नाव सांगितलं. ब्रदरने ते पूर्ण ऐकलं, आणि मगच सुईचं टोपण काढलं.