हातपाय चोळायचं शिक्षण

आपल्याकडे लेकरू सायन्सला गेलं, की घरचे त्याला परस्पर डॉक्टर करून मोकळे होतात! मुलचेऱ्याकडच्या मनसारामचंही तसंच. तळ्यात जाळं टाकून पोट भरणारा माणूस, पण रिंकू बारावी पास झाली तेव्हा गावभर सांगत सुटला, “माही पोरगी डॉक्टर होते!”

मार्क तेवढे नव्हते. कॉलेजातले दादाजी मास्तर घरी आले. नागपूरला फिजिओथेरपी शिकता येते, लकवा झालेल्या, हाड मोडलेल्या माणसांना व्यायाम देऊन पुन्हा उभं करायची विद्या आहे, असं त्यांनी समजावलं. रिंकूला ते फार आवडलं.

“म्हंजे मालिश!” मनसाराम भडकला. “लोकायचे हातपाय चोळाले शिकवलो का मी तिले?”

“भाऊ, डॉक्टर जीव वाचवते. पण वाचलेल्या माणसाले चालाले कोण शिकवन?”

“घरची बाई शिकवन. त्याले कॉलेज कायले लागते?”

रिंकू खूप रडली. पुढच्या उन्हाळ्यात तिचं लग्न लागलं आणि ती जिवतीला गेली.

काही वर्षांनी मनसाराम तळ्यावरच कोसळला. चंद्रपूरच्या दवाखान्यात जीव वाचला, उजवा हात मात्र लुळा पडला. रोज व्यायाम करून घ्या, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण ऐकतो कोण? लकव्याचा हात हलवला की वारं आणखी चढतं, ही गावाची जुनी समजूत. बायकोने, गोकुळाने, तेल लावून तो हात फडक्यात गुंडाळला आणि छातीशी घट्ट बांधून ठेवला. बिचारीने सारं जीव लावूनच केलं! काही महिन्यांनी फडकं सुटलं तेव्हा बोटं मुठीत आवळून बसली होती.

माहेरी आलेल्या रिंकूने हट्टाने बापाला चंद्रपूरला नेलं. तिथल्या फिजिओथेरपीच्या स्वातीबाईंनी बोटं हळूहळू सोडवून पाहिली.

“काका, सुरुवातीपासून हात हलवला असता तर पुष्कळ सुधारला असता. आता घास उचलाल, पण जाळं फेकणं कठीण आहे.”

मनसारामने मान फिरवली. रिंकू एकटक बाईंच्या हातांकडे पाहत होती. लेकीची ती नजर पाहून त्याला रडू कोसळलं.

“माय, मी याले चोळणं समजलो! तुही जिंदगी बुडवलो!”

“आता रडून काय होते, बाबा?” रिंकू हळूच म्हणाली. “आपल्या धाकट्या आचलची बारावी झाली औंदा. तिले तरी इचारा, काय शिकाचं हाय.”

घरी येताच त्याने धाकटीला विचारलं. “मले रक्त तपासाचं शिकाचं हाय,” आचल घाबरत म्हणाली.

“जाय, बाई. लोक काई बी म्हणू दे.”

मंडळी, दवाखाना एकट्या डॉक्टरवर चालत नाही. रक्त तपासणारा, एक्स-रे काढणारा, लुळा हात हलता करणारा, सगळ्यांचीच विद्या माणसाला घरी परत आणते. त्यातलं कोणतंही काम हलकं नाही! मुलांना काय शिकायचं आहे ते विचारा, आणि वेळेवर विचारा. मनसारामनेही विचारलं, पण तोवर रिंकूची वेळ निघून गेली होती.