'गोपनीय' शिक्क्याची कबुली

मित्रांनो, मी एक जुना शिक्का आहे. लाकडी मूठ, रबराचं पोट आणि पोटावर उलट्या अक्षरांत कोरलेला एकच शब्द : 'गोपनीय'. हल्ली माझा मुक्काम आमच्या कचेरीतल्या बाईंच्या घरी, शिवणाच्या डब्यात, बटणांच्या शेजारी असतो. बटणं बिचारी मला अजून मोठा साहेब समजतात आणि मीही त्यांचा गैरसमज दूर करत नाही.

माझा जन्म एका अरुंद दुकानात झाला. कारागिराने मला कोरलं, फुंकर मारून कचरा उडवला आणि म्हणाला, "जा, आता मोठ्या लोकांत वावर." तसंच झालं. सरकारने तेव्हा एक सल्लागार आयोग नेमला होता. जंतू, लसी, बियाणं यांवर प्रयोगशाळांत जे संशोधन चालतं, ते वाईट माणसांच्या हाती पडलं तर देशाचं काय होईल, हे तपासून सरकारला सल्ला द्यायचा, हे त्याचं काम. तिसऱ्या मजल्यावर लांबलचक टेबल, बारा खुर्च्या आणि टेबलाच्या टोकाला, शाईच्या गादीशेजारी मी!

काय दिवस होते ते! अध्यक्ष म्हणजे एक म्हातारे जीवशास्त्रज्ञ. सगळे त्यांना सर म्हणत. बोलता बोलता ते चष्मा काढून पुसत आणि मग तोच चष्मा टेबलभर शोधत. त्यांच्यासमोर निवृत्त कर्नल बसत. बैठक संपली की ते प्रत्येकाकडचे कागद मोजून परत घेत. एकदा तर त्यांनी सरांच्या खिशातली वाणसामानाची यादीसुद्धा काढून घेतली होती. आणि या सगळ्यांना सांभाळत आमच्या बाई, आयोगाच्या मुख्य लिपिक. त्या मला गादीवर दोनदा टेकवत आणि मग कागदावर. ठसा कधी फिसकटला म्हणून नाही. कर्नल म्हणत, "बाई, तुमचा हात म्हणजे हात आहे हं!" मी आपला मनातल्या मनात फुलून जात असे.

आयोगाचा एक नियम होता. गोपनीय अहवालातलं एक वाक्य जरी दुसऱ्या कागदात उतरलं, तरी तो कागदही गोपनीय. बाई नियमाच्या पक्क्या. एकदा चहाच्या यादीवर कोणीतरी बैठकीचा विषय लिहिला, तर तिच्यावरही मी उमटलो. चहावाले काका कपाळाला हात लावून म्हणाले, "अहो बाई, आता चहा किती आणायचा ते मी कोणाला विचारू?" सगळे पोट धरून हसले. मलाही तेव्हा गंमतच वाटली.

एके वर्षी सरांनी एक पान लिहिलं. प्रयोगशाळेत नमुन्याची कुपी फुटली तर काय करायचं, ते अगदी सोप्या भाषेत. लगेच पुसायला जाऊ नका. बाहेर पडा, दार लावा, अर्धा तास कोणी आत जाऊ नका, वरिष्ठांना कळवा. सुरुवातीला त्यांनी अहवालातलं एक वाक्य घेतलं होतं. एकच. बाईंनी पान टंकलं, ते वाक्य ओळखलं आणि मला उचललं. पान कपाटात गेलं. सरांना वाटलं, ते सगळ्या प्रयोगशाळांत पोचलं. कर्नलना वाटलं, ते सुरक्षित आहे.

बाईंची धाकटी बहीण एका सरकारी प्रयोगशाळेत काचेची भांडी धुण्याचं काम करी. कुठे डाग दिसला की तिचा हात शिवशिवे. चार महिन्यांनी तिच्यासमोर एक कुपी फुटली. ती लगेच फडकं घेऊन गुडघ्यांवर बसली आणि तिने फरशी लख्ख पुसून काढली.

बाई तीन आठवडे कामावर आल्या नाहीत. आल्या त्या सरळ बैठकीच्या खोलीत आल्या आणि टेबलाला धरून उभ्या राहिल्या.

"काल धाकटीला बोलता आलं," त्या म्हणाल्या. "मला दवाखान्यातल्या काचेआडून म्हणाली, ताई, पुसायचं नसतं हे मला कोणी सांगितलंच नाही गं. सर, ते पान मी टंकलं होतं. माझ्या हातांनी."

मग कर्नल उठले. त्यांनी कपाटातून पान काढलं, ते वाक्य वाचता येणार नाही असं गिरगटून टाकलं, माझ्या ठशावर काट मारली आणि खाली सही केली. "दोन मिनिटांचं काम होतं," ते हळूच म्हणाले. "मी विचारायला हवं होतं."

"मीसुद्धा," बाई म्हणाल्या. पान पुन्हा टंकायलाही कोणी थांबलं नाही. त्याच दुपारी प्रती रवाना झाल्या.

धाकटी वाचली. पण जिना चढताना ती अजून दोनदा थांबते. पुढे आयोगाचं काम संपलं, नियमाप्रमाणे माझ्या पोटावर ब्लेडने चीर पाडली गेली आणि बाईंनी मला मागून घेतलं. ती लांब खोली, चष्म्याची शोधाशोध, काकांचा चहा, सगळं आठवून जीव हळवा होतो.

मित्रांनो, काही गुपितं जपावीच लागतात आणि ती मी जपली, याचा मला अभिमान आहे. पण तुमच्या हाती कधी शिक्का आलाच, तर तो उमटवण्याआधी एवढं जरूर विचारा, की हा कागद वाचायची गरज कोणाला आहे?

ते पान धाकटीच्या प्रयोगशाळेत दारावर लावलेलं आहे. नव्याने आलेल्या प्रत्येकाला ती आधी ते मोठ्याने वाचायला लावते. कोपऱ्यात माझा काट मारलेला ठसा आहे म्हणे. हजारो कागदांवर मी उमटलो, त्यांतला तेवढा एकच खोडला गेला. तो एकदा बघायला मिळावा, असं फार वाटतं.